फर्मिनरावांचा निळा रंग

शनिवारी सकाळी सव्वानऊला फर्मिनराव काळा कुर्ता घालून जिना उतरले, तेव्हा मालिनीबाईंच्या हातात कणकेचा चौसष्टावा दिवा होता. अजून सतरा व्हायचे होते. दहाला गुरुजी येणार, साडेदहाला पुरुषोत्तमरावांच्या सहस्रचंद्रदर्शनाला सुरुवात, आणि घरचा एकुलता एक जावई गळ्यापासून गुडघ्यापर्यंत काळा.

"आई, बघा. निळा," फर्मिनराव हसत हसत मराठीत म्हणाले. "तुम्ही सांगितला तसा."

आता काळ्याला निळा म्हणणं याला काय म्हणायचं? थट्टाच की. मालिनीबाईंनी दिवा ताटात ठेवला, हाताची कणीक झटकली आणि तोंडातून एक शब्द काढला नाही. त्या गप्प बसल्या की घरात समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

तो काळा कुर्ता त्यांच्या चांगला ओळखीचा होता. गेल्या जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घालायला म्हणून त्यांच्या लेकीने, अदितीने, तो नवऱ्यासाठी मागवला होता. वर्षातून एक दिवस काळं चालतं, तेवढ्यापुरता. आजच्यासाठी गर्द निळा, रेशमी, वेगळा घेतला होता. मालिनीबाईंनी स्वतः फोनवर तीन कुर्त्यांतून निवडला होता. तो बॅगेत ठेवून हा माणूस हे घालून येतो, आणि वर निळा म्हणतो.

बाकीच्यांनी केलं असतं तर एवढं लागलं नसतं. त्यांचा मुलगा सत्यजित टेक्सासात फ्रिस्कोला राहतो, त्याला सोवळं-ओवळं म्हणजे कपाळाला आठी. पण फर्मिनराव स्पेनचे असून एकोणतीस वर्षांत त्यांनी एका रीतीला नाक मुरडलं नव्हतं. उलट शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या या घरात होम असला की स्मोक अलार्म झाकायला हॉटेलांतल्या शॉवर कॅप लागतात, त्या पुरवायचे तेच. सिनेमांचा छायाचित्रकार, चाळीस वर्षं शूटिंगच्या निमित्ताने जगभरच्या हॉटेलांत झोपलेला माणूस. या वेळी चांगली पिशवीभर आणल्या होत्या, आणि त्यांची लेक रुही आत्ता स्टुलावर चढून हॉलमधल्या अलार्मला एक चढवत होती.

"Aaji, is this one okay?" रुहीने विचारलं.

"ठीक आहे," मालिनीबाई म्हणाल्या आणि पदराला हात पुसत थेट देवघराकडे निघाल्या.

देवघर म्हणजे मूळचं पुढच्या दारापाशी कोट टांगायचं कपाट. त्यात पीतांबर नेसून, उपरणं सावरत पुरुषोत्तमराव बसले होते. वय एक्याऐंशीला टेकलेलं. चाळीस वर्षं डोळ्यांचे डॉक्टर, अकरा वर्षांपूर्वी निवृत्त.

"अहो, ऐकलंत का? जावई काळं घालून आलेत."

"घालू दे."

"घालू दे काय? वर मला म्हणतात, निळा आहे. माझी टिंगल करताहेत. आजच्या दिवशी."

पुरुषोत्तमरावांनी चंदन उगाळायचं थांबवलं. "काय म्हणाला? नेमकं सांग."

"म्हणाले, बघा, निळा. तुम्ही सांगितला तसा."

"हसत म्हणाला, की सरळ?"

"हसतच. पण नेहमीसारखं, खुशीत."

पुरुषोत्तमरावांनी चंदनाचं खोड सहाणेवर ठेवलं. मग म्हणाले, "तो टिंगल करत नाहीये, मालिनी. त्याला तो निळाच दिसतोय."

काल दुपारपासून त्यांच्या मनात एक गोष्ट खुपत होती. जेवणं झाल्यावर सगळ्यांनी बेसमेंटमधल्या मोठ्या टीव्हीवर फर्मिनरावांचा गेल्या वर्षीचा सिनेमा पाहिला होता. ज्याला लंडनला छायाचित्रणाचं मोठं बक्षीस मिळालं, तो. पुरुषोत्तमरावांनी तो तिसऱ्यांदा पाहिला. जावयाचा एकही सिनेमा त्यांनी चुकवला नव्हता, आणि ही गोष्ट जावयाला त्यांनी कधी कळू दिली नव्हती. थिएटरात एकटे जायचे, दुपारच्या खेळाला, मालिनीबाईंना बँकेत जातो म्हणून सांगून.

थिएटरात तो सिनेमा बघताना त्यांना वाटलं होतं, प्रोजेक्टर बिघडलाय. घरच्या टीव्हीवरही तेच. आईच्या हातातलं दूध निळसर. म्हाताऱ्याची दाढी निळसर. ब्रेड निळसर. वर्तमानपत्रांनी लिहिलं होतं, या वयात नवा रंग शोधणारा कलावंत. पुरुषोत्तमरावांना मात्र आपले जुने पेशंट आठवत होते. रिटायर झालेले चित्रकार, घरं रंगवणारे. एक बाई होत्या, केक सजवायच्या. त्यांच्या बटरक्रीमला गिऱ्हाइकं नावं ठेवायला लागली होती. मोतीबिंदू पिवळा पडत जातो, माणसाला जग पिवळं दिसायला लागतं, आणि ते त्याला कळत नाही, कारण ते वर्षा-वर्षाने होतं. मग तो आपल्या हाताने त्यात निळं ओततो. आणि पिवळ्या भिंगातून बघणाऱ्याला काळा कुठला आणि गर्द निळा कुठला, हे सांगता येत नाही.

काल संशय होता. आज सकाळी कुर्त्याने खात्री दिली.

"मग?" मालिनीबाई म्हणाल्या. "ऑपरेशन करू. त्यात काय एवढं? आपल्या ओळखीच्या वैद्यकाकांचं झालं, माझं झालं."

"सोमवारी तो लॉस एंजेलिसला काय करणार आहे, माहीत आहे ना?"

मालिनीबाईंना माहीत होतं.

सगळ्या घराला माहीत होतं. फर्मिनरावांचा पहिला सिनेमा, एकोणतिसाव्या वर्षी केलेला, जुन्या रिळांवरून नव्याने तयार होत होता. दक्षिण स्पेनमधलं त्यांचं स्वतःचं गाव, चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या घरांचं. त्यांच्याकडे दिव्यांना पैसे नव्हते, म्हणून शेजाऱ्यांकडून चादरी आणि आरसे मागून आणून त्यांनी फक्त उन्हावर तो सिनेमा टिपला होता. त्याच्या आधी बारा वर्षं माद्रिदच्या स्टुडिओत केबली ओढल्या, लाइट उचलले. त्या एका सिनेमाने ते केबली ओढणाऱ्याचे फर्मिन उयोआ झाले. आता सोमवारी ते शेवटचे रंग ठरवून सही करणार, आणि पुढे जग तो सिनेमा जेव्हा बघेल तेव्हा त्याच रंगांत बघेल. त्यांच्या आयुष्यात दुसरं काही एवढं मोलाचं नव्हतं. ते स्वतःच म्हणायचे, अदिती, रुही आणि ती नव्वद मिनिटं.

"म्हणजे ते सगळं गाव निळं करून ठेवतील," मालिनीबाई म्हणाल्या.

"स्वतःच्या हाताने."

*

फ्रीजच्या मागे डबे ठेवायची जी चिंचोळी खोली, तिच्यात पाच मिनिटांनी चार माणसं दाटीवाटीने उभी होती. फर्मिनराव बाहेर अंगणात खुर्च्या मांडत होते, त्यामुळे बोलायला मोकळीक होती.

सत्यजितने आधी कुर्त्याचा विषय काढला. "मी सांगतो त्याला, चेंज कर म्हणून. एवढं काय टेन्शन घ्यायचं?"

"कुणी त्यांना काही बोलायचं नाही," मालिनीबाई म्हणाल्या. दहा मिनिटांपूर्वी जावयावर फुरंगटलेल्या बाई आता जावयाच्या बाजूने दंड थोपटून उभ्या होत्या. "त्यांचा काही दोष नाही."

मग पुरुषोत्तमरावांनी दोन वाक्यांत सांगितलं.

अदितीने डाळीच्या डब्याला टेकून डोळे मिटले. ती स्वतः डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट. दिवसभर मायक्रोस्कोपखाली पेशींचे गुलाबी-जांभळे रंग बघायचे आणि त्यावरून आजार ओळखायचा. नवऱ्याशी ओळख झाली तीसुद्धा त्यावरूनच. शिकागोच्या हॉस्पिटलात शूटिंगला आलेल्या या माणसाने तिच्या खोलीतली ट्यूबलाइट परस्पर काढून नेली होती, ती भांडायला गेली, त्याने ट्यूब परत बसवली आणि विचारलं, तू आत काय बघतेस? मग दोन तास तो तिच्या स्लाइड बघत बसला.

"मला कळायला हवं होतं," ती म्हणाली. "दोन वर्षं तो अंधार पडल्यावर ड्राइव्ह करत नाहीये. म्हणतो, कंटाळा येतो. मी म्हटलं, चला, वय झालं."

"दिवाळीत त्याने एका पायात काळा मोजा घातला होता, एका पायात निळा," सत्यजित म्हणाला. "मला वाटलं, आर्टिस्ट आहे."

"मी वरणात हळद घालायला विसरले होते एकदा," मालिनीबाई म्हणाल्या. "सगळे ओरडले. ते म्हणाले, आई, रंग छान आलाय. मला वाटलं, माझी बाजू घेताहेत."

दारात रुही उभी होती, हातात उरलेल्या शॉवर कॅप. "I knew it was too blue," ती हळूच म्हणाली. "I thought it was a choice. Everybody said it was genius, so..."

घ्या. प्रत्येकाच्या पदरात एकेक तुकडा होता आणि प्रत्येकाने तो सभ्यपणे गाठीला बांधून ठेवला होता. मोठ्या माणसाचा मान राखायचा म्हणजे काय, तर तो खड्ड्याकडे चालला तरी आपण रस्त्याची तारीफ करायची.

"आज नको, बाबा," अदिती म्हणाली. "प्लीज. तुमचा दिवस आहे. तो कोसळेल."

"सोमवार परवा आहे."

"मी उद्या विमानात सांगते."

"उद्या तू सांगितलंस तर तो म्हणेल, सही करतो आणि मग डॉक्टरकडे जातो. तू त्याला ओळखतेस," सत्यजित म्हणाला. बहिणीची आणि त्याची गेली कित्येक वर्षं प्रत्येक गोष्टीत तंटे चालायचे, पण आत्ता त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला होता. "ताई, बाबांनीच सांगायला हवं. He'll listen to a doctor."

"मी सांगणार नाही," पुरुषोत्तमराव म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"शहाण्णव साली तो मला भेटायला आला, तेव्हा मी त्याला विचारलं होतं. डोळ्यांवर पोट भरणारा माणूस तू, डोळे गेले तर माझ्या मुलीला काय खायला घालशील? तो उठला. चहा तसाच ठेवून गेला. आता मी जाऊन सांगू, बघ, गेले? त्याला वाटेल, म्हातारा तीस वर्षं याच दिवसाची वाट बघत होता."

त्यांना जावई मनापासून आवडत होता, आणि ते कबूल करायला त्यांनी फार उशीर केला होता, हे त्यांना त्या डब्यांच्या खोलीत पुरतं कळलं.

मालिनीबाईंना मात्र अशा गोष्टींसाठी आज वेळ नव्हता. "तुमचा मान तुमच्यापाशी ठेवा," त्या म्हणाल्या. "त्यांनी गाव निळं करायचं आणि आपण लाजत बसायचं का? गुरुजींना मी बघते. तुम्ही त्यांना घेऊन खाली जा. रुही, बाबांच्या बॅगेतला तो दुसरा कुर्ता काढ."

*

बेसमेंटमध्ये ट्रेडमिलच्या शेजारी जुन्या सोलापुरी चादरीखाली एक यंत्र झाकलेलं असे. दवाखाना बंद करताना पुरुषोत्तमरावांनी बाकी सगळं विकलं, हे एक घरी आणलं. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं, आणि समोरचा डॉक्टर डोळ्यांत उजेडाची बारीक चिरी टाकून आत बघतो, ते. फर्मिन ते वर्षानुवर्षं बघत आला होता, पण चादर बाजूला झालेली आज पहिल्यांदा पाहिली.

पीतांबर नेसलेले सासरे यंत्रापलीकडच्या स्टुलावर बसले. त्यांचं बोलणं इंग्रजीत चाललं होतं, नेहमीप्रमाणे. मराठी फर्मिन सासूशी बोलायचा, तीही स्वयंपाकघरापुरती.

"वर पूजा आहे ना?" त्याने विचारलं.

"थांबेल. हे बघ, हे दोन कुर्ते." पुरुषोत्तमरावांनी रुहीने दिलेला कुर्ता त्याच्या मांडीवर ठेवला. "तू घातलाय तो आणि हा. यातला निळा कुठला?"

फर्मिन हसला. मग दोन्हींकडे बघितलं. मग उठून खिडकीपाशी गेला, ऑक्टोबरचं लख्ख ऊन होतं तिथे, आणि अंगातल्या कुर्त्याची बाही नव्या कुर्त्यावर धरली. उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं. चाळीस वर्षं तो लोकांना सांगत आला होता, या भिंतीत हिरवट झाक आहे, तो पडदा अर्धा टोन गरम आहे. लोक मान हलवायचे आणि त्याचंच खरं निघायचं.

"सारखेच आहेत," तो म्हणाला. आणि म्हणता म्हणताच त्याला कळलं की सारखे नाहीत. सासऱ्यांच्या तोंडाकडे बघूनच कळलं.

"बस इथे. हनुवटी टेकव."

उजेडाची चिरी उजव्या डोळ्यात आली, मग डाव्या. पुरुषोत्तमराव यंत्राचं चाक फिरवून पुन्हा पहिल्या डोळ्यावर आले. फर्मिनला भीती वाटली. साधी भीती, पोरवयात विहिरीत पहिल्यांदा उडी मारताना वाटली होती तशी.

"मोतीबिंदू. दोन्हींत. कोऱ्या चहाच्या रंगाचे झालेत."

"कधीपासून?"

"पाच-सहा वर्षं. हळूहळू येतो, म्हणून तुला कळलं नाही. कुणालाच कळत नाही."

फर्मिनने बोटांवर मोजलं. "म्हणजे तीन सिनेमे."

"पहिले दोन ठीक आहेत. तिसरा निळा आहे."

"त्याला बक्षीस मिळालं."

"मिळू दे. मोतीबिंदूला पहिल्यांदाच मिळालं असेल."

फर्मिन हसला नाही. सासऱ्यांनी आपले सिनेमे बघितलेत, एवढंच काय, एकेक वेगळा आठवतो, हे त्याच्या लक्षात यायला एक क्षण लागला. "तुम्ही पाहिलेत? तिन्ही?"

"सगळे. तुझ्या गावचा तो पहिला चारदा. तो विषय नाही."

"तुम्ही मला तेव्हाच म्हणाला होता," फर्मिन म्हणाला. "डोळे गेले तर काय करशील."

"तेव्हा मी मूर्ख होतो. लिहून हवंय का?" पुरुषोत्तमरावांनी उपरण्याने चष्मा पुसला, जरा जास्तच वेळ पुसला. "डोळे गेलेले नाहीत. आतलं भिंग जुनं झालंय. ते काढून नवं घालायचं, वीस मिनिटांचं काम. माझे हात आता थरथरतात, पण माझा एक विद्यार्थी इथे डाऊनटाऊनला आहे, माझ्यापेक्षा चांगला करतो."

"आणि नंतर? मला जे दिसेल ते माझं असेल का? चाळीस वर्षं मी..." तो थांबला. "मला भीती वाटते, बाबा. मी बघतो म्हणून लोक मला बोलावतात. मला दुसरं काही येत नाही. साधं अंडं उकडता येत नाही."

"भिंग बदलायचंय. काय चांगलं दिसतं ते ठरवणारा माणूस मागे डोक्यात बसलेला असतो, त्याला कोणी हात लावत नाही. पण सोमवारी तू त्या खुर्चीत बसू नकोस. एवढं माझं ऐक."

वरून घंटेचा आवाज आला. गुरुजी आले होते. गुरुजी आठवडाभर एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर बघायचे आणि शनिवार-रविवार पूजा सांगायचे, त्यामुळे त्यांचं सगळं मिनिटाच्या बोलीवर चाले. मालिनीबाई त्यांना शिऱ्याची बशी देऊन अडवून ठेवत असणार.

फर्मिनने खिशातून फोन काढला. लॉस एंजेलिसच्या लॅबमध्ये डेनिस नावाची बाई होती. त्याच्या शेवटच्या चार सिनेमांचे रंग तिनेच त्याच्या सांगण्यावरून बसवले होते. एक वाक्य असं होतं, जे सेटवर, स्टुडिओत, कुठेही त्याने आजवर उच्चारलं नव्हतं. ते आता सासऱ्यांच्या समोर उच्चारलं.

"डेनिस, सोमवार कॅन्सल कर. मला जे दिसतंय ते बरोबर नाहीये."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "देवा. गेलं वर्षभर मला वाटत होतं, मीच वेडी झालेय."

*

साडेदहाच्या पूजेला अकरा वाजून गेले, पण फर्मिनराव वर आले ते गर्द निळा रेशमी कुर्ता घालून. मालिनीबाईंनी त्यांना आपल्या शेजारचा पाट दिला. एक्याऐंशी दिवे पेटले, हॉल उबेने भरून गेला, अलार्म शॉवर कॅपखाली मुकाट बसले आणि सत्यजित फायर ब्रिगेडचा नंबर फोनवर काढून तयारीत उभा राहिला, तो काही लावावा लागला नाही. अदिती वडिलांना ओवाळताना रडली. लोकांना वाटलं, वडिलांसाठी. थोडं तेही होतंच.

प्रसादाच्या वेळी वैद्यकाकांनी फर्मिनरावांना गाठलं. या काकांना गेली तीस वर्षं जावई म्हणजे लग्नाचा कॅमेरामन वाटत आलाय. "आजचं शूटिंग केलंत की नाही? मलाही कुठेतरी येऊ द्या बरं."

"काका, पुढच्या वर्षी," फर्मिनराव म्हणाले. "आत्ता मी डोळे धुवायला टाकलेत."

नोव्हेंबरात पंधरा दिवसांच्या अंतराने दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पुरुषोत्तमरावांच्या त्या विद्यार्थ्याच्याच हातून, म्हणून फर्मिनराव आणि अदिती नेपरव्हिललाच राहिले. मधल्या पंधरवड्यात फर्मिनराव घरभर एक डोळा झाकून आणि एक उघडून हिंडायचे, दुधाचं पातेलं, पुरुषोत्तमरावांचे बनियन, फ्रीजचं दार, सगळं आलटून पालटून बघायचे आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटायचे. एकदा त्यांनी बेसमेंटमध्ये एकट्याने गेल्या वर्षीचा सिनेमा लावला. वर आले ते अदितीला म्हणाले, "सगळे गारठून मेल्यासारखे दिसताहेत. कुणीच कसं सांगितलं नाही?"

*

डिसेंबरात मालिनीबाई आणि पुरुषोत्तमराव लॉस एंजेलिसला लेकीकडे गेले. दर हिवाळ्यात जायचेच. या वेळी मात्र फर्मिनराव त्यांना आणि अदितीला लॅबमध्ये घेऊन गेले. आठ खुर्च्यांची काळोखी खोली, पुढे भिंतभर पडदा, आणि टेबलाशी डेनिस, पन्नाशीची, चष्मा डोक्यावर सरकवलेली. तिच्या समोर तीन गुळगुळीत गोळे होते. एक जरा फिरवला की पडद्यावरचा रंग बदलायचा. मालिनीबाईंना ते फार आवडलं.

दुपारपर्यंत काम सुरळीत चाललं. फर्मिनराव सांगायचे, डेनिस करायची. मग पडद्यावर एक अरुंद गल्ली आली, भर उन्हातली, आणि एक पाठमोरी बाई उंच दांड्याच्या कुंच्याने घराला चुना देत होती.

"माझी आई," फर्मिनराव म्हणाले.

मालिनीबाई पुढे सरकून बसल्या. विहीणबाई लग्नाच्या दोन वर्षं आधीच गेलेल्या. एक पासपोर्टएवढा फोटो, याखेरीज त्यांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. आता त्या भिंतीएवढ्या उंच होत्या, आणि हात कसा सराईत चालत होता. अशा हाताची बाई आपल्याला आवडली असती, असं त्यांना वाटलं आणि वाईटही वाटलं.

"भिंत अशी ठीक?" डेनिसने विचारलं. भिंत पांढरी होती. स्वच्छ.

फर्मिनराव उठून पडद्याजवळ गेले. "थोडं निळं कर," ते म्हणाले.

डेनिसचा हात गोळ्यावरच थांबला. अदितीने खुर्चीचा दांडा धरला. पुरुषोत्तमराव पुढे वाकून म्हणाले, "कुठल्या डोळ्याने बघतोयस?"

"दोन्ही, बाबा."

"फर्मिन," डेनिस म्हणाली. गेल्या वर्षी विचारायचं राहिलेलं या वेळी तिने विचारलं. "नक्की?"

फर्मिनरावांनी मागे वळून सगळ्यांची तोंडं बघितली. त्यांच्या चेहऱ्यावरचा विश्वास उतरत गेलेला मालिनीबाईंना त्या अंधारातही दिसला. "मला ती तशी आठवते," ते म्हणाले. "पण आता मला माझ्या आठवणीचंही सांगता येत नाही. राहू दे. पांढरीच ठेव."

मालिनीबाई पडद्याकडे बघत होत्या. बाईच्या पायाशी बादली होती. "अहो फर्मिनराव," त्या मराठीत म्हणाल्या, "तुमच्याकडे चुन्यात नीळ घालायचे का?"

"नीळ म्हणजे?"

"पांढऱ्या कपड्यांना शेवटच्या पाण्यात घालतात ती. निळी पूड. माझी आई चुन्यातसुद्धा घालायची. नुसता चुना वाळला की पिवळट दिसतो. नीळ घातली की कसा झकास पांढरा."

फर्मिनराव पडद्यावरच्या बादलीकडे वळले. मग त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून काहीतरी छोटं धरल्यासारखं केलं. "फडक्यात बांधून," ते म्हणाले. "ती गाठ बादलीत बुडवायची. मी ढवळायचो."

"पुरचुंडी," मालिनीबाई म्हणाल्या. "बरोबर. तसंच. मग तुम्हाला बरोबर आठवतंय की." आणि डेनिसकडे वळून मराठीतच हुकूम सोडला, "घाल गं. पण जपून, जास्त झाली की कपडा वाया जातो."

डेनिसला काय समजलं कोण जाणे, तिने गोळा फिरवायला सुरुवात केली. अगदी सावकाश. भिंत थंड होत गेली, उजळ होत गेली, आणि गल्लीतलं ऊन एकदम खरं वाटायला लागलं. पुरुषोत्तमराव जावयाकडे बघत होते, पडद्याकडे नाही.

"बस," मालिनीबाई आणि फर्मिनराव एकाच वेळी म्हणाले, आणि डेनिसने हात काढून घेतला.